आधी जुने इंजेक्टर ताब्यात घ्या

बारामती भागातल्या एका वाचकाचं पत्र आहे. २८ लाखांचा दहाचाकी मालट्रक घेतला. गॅरेजमध्ये कमानीला (चाकावरच्या स्प्रिंगला) एक पाटा वाढवला, फाळके म्हणजे हौद्याच्या बाजूच्या फळ्या उंच केल्या, पुढे एलईडी दिवे बसवले. वॉरंटी चालू असतानाच इंजिनात डिझेल फवारणारे इंजेक्टर गेले. ‘गाडीत बदल केलाय’ म्हणून डीलरने हात वर केले, आणि १ लाख ८० हजार भरून गाडी सोडवावी लागली. ही गोष्ट गेल्या वर्षीच्या गणपतीतली. आता कंपनीवर दावा लागेल का, असं ते विचारतात. ऊस वाहतुकीचा हंगाम जवळ आला की अशी पत्रं येतातच, म्हणून उत्तर सगळ्यांसाठी देतो.

तुम्ही डीलरच्या उर्मट बोलण्यावर दोन पानं लिहिली आहेत. काढलेले जुने इंजेक्टर कुठे आहेत, यावर एक ओळ नाही. तुमचा सगळा दावा त्या इंजेक्टरांवर उभा आहे.

असं का, ते नीट समजून घ्या. बदल झाला, हे तुम्हीच मान्य करता. त्यामुळे वाद एकाच मुद्द्यावर उरतो: इंजेक्टर त्या बदलामुळे गेले का? कमानीच्या पाट्याचा इंजेक्टरशी काय संबंध, हे कंपनीला सांगताच येणार नाही. एलईडी दिव्यांसाठी केलेल्या वायरिंगचं मात्र तसं नाही. तुमच्या जॉबकार्डाच्या (वर्कशॉपमधल्या कामाच्या नोंदीच्या) फोटोत स्पष्ट लिहिलंय, ‘वायरिंगमध्ये बाहेरून छेडछाड, वॉरंटी लागू नाही’, आणि खाली तुमची सही आहे. न वाचता सही केली म्हणता. मग त्याच वेळी ‘मान्य नाही’ एवढे दोन शब्द का लिहिले नाहीत? त्याला पैसे पडत नव्हते.

वस्तूतला दोष तपासणीशिवाय ठरत नसेल, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ च्या कलम ३८ प्रमाणे ग्राहक आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवतो. इंजेक्टर आतून गंजलेत, डिझेलमधल्या कचऱ्याने खराब झालेत, की विजेच्या बिघाडाने जळलेत, हे तिथे कळतं. पण नमुनाच भंगारात गेला असेल तर पाठवणार काय? मग तुमचा शब्द आणि त्यांचं जॉबकार्ड, एवढंच समोर राहतं, आणि त्यात जॉबकार्ड जड जातं. म्हणून आजच डीलरला ईमेल करा आणि स्पीड पोस्टानेही पत्र पाठवा: जुने सुटे भाग माझ्या ताब्यात द्या, नाहीतर ते कुठे आहेत ते लेखी कळवा. त्यांनी भाग भंगारात काढले असतील तर तसं लेखी उत्तर येऊ द्या. पुरावा कोणी घालवला, हे मग आयोगापुढे मांडता येईल.

वॉरंटीचं पुस्तकही उघडा. बदल केला की सगळी वॉरंटी रद्द, असं काही कंपन्या लिहितात, तर काही फक्त बदलामुळे झालेला बिघाड वगळतात. दुसऱ्या प्रकारचं कलम असेल तर तुमची बाजू बरीच भक्कम आहे. पहिल्या प्रकारचं असेल तर ‘करारातली अट अन्यायकारक आहे’ असं भांडावं लागेल, आणि तिथे निकालाची खात्री मी देणार नाही.

अमेरिकेच्या १९७५ च्या वॉरंटी कायद्याचे व्हिडिओ बघून नोटीस लिहू नका, तो इथे लागू नाही. आपल्याकडे स्पर्धा आयोगाचा ऑगस्ट २०१४ चा आदेश आहे. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, त्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारावी, असं त्यात १४ कार कंपन्यांना बजावलं होतं. पण तो कारच्या दुरुस्तीबद्दल आहे आणि पुढे अपिलातही गेला. जोड म्हणून वापरा, सगळी भिस्त त्यावर ठेवू नका.

तक्रारीची मुदत वॉरंटी नाकारली त्या दिवसापासून दोन वर्षं. तुम्ही शोरूमला फोन करत राहिलात म्हणून ती वाढत नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त काळ तुम्ही ‘साहेब बघतो म्हणाले’ यातच घालवला आहे. गाडीसाठी भरलेली किंमत ५० लाखांपर्यंत असल्यामुळे तक्रार जिल्हा आयोगात, तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही चालते. फी १,००० रुपये. तपासणी लागणारं प्रकरण पाच महिन्यांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात आणि हप्ते तुमचेच थकतात. म्हणून तुमच्या बाजूने एक दिवसही वाया घालवू नका.

गाडी स्वतः चालवता की ड्रायव्हर ठेवून चार गाड्या पळवता, हे पत्रात नाही. स्वयंरोजगारासाठी, पोटापाण्यापुरती गाडी असेल तर तुम्ही ग्राहक. धंदा मोठा असेल तर ‘व्यावसायिक हेतू’ची हरकत पहिल्याच तारखेला येईल.

उंच फाळक्यांचं दुखणं वेगळं आहे. कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आहे तसे फोटो काढा, मग फाळके उतरवा. तक्रारीत हे लपवू नका, उलटतपासणीत निघतंच.

ज्यांनी अजून वायर कापलेली नाही त्यांनी दिवे अधिकृत वर्कशॉपमध्येच, कंपनीच्या ॲक्सेसरीतून, कपलर (वायर न कापता जोडायचा प्लग) आणि रिले (दिव्यांचा वेगळा स्विच) लावून बसवावेत. बिलावर गाडीचा चेसिस नंबर आणि कामाचा तपशील लिहून घ्यावा. वर्कशॉपचा सल्लागार तोंडी ‘चालतंय की’ म्हणाला तर त्याच्याकडून तेच ईमेलवर मागावं. तो लिहून द्यायला तयार नसेल तर दिवे बसवू नयेत.