धरणातील शिडाची होडी : उपकरणे कोणती आणि पक्ष्यांचे काय?

प्रश्न : गंगापूर धरणाच्या जलाशयात परवानगीने ठेवण्यासाठी मी १८ फुटांची, फायबरची जुनी शिडाची होडी घेतली आहे. तिच्यावर खोलीमापक, व्हीएचएफ रेडिओ (होड्यांचा बिनतारी संपर्क-संच), डोलकाठीच्या टोकाला वारामापक आणि सौर पॅनेल बसवण्याचा विचार आहे. मात्र पाणकावळे होडी घाण करतात, बूमच्या (शिडाच्या खालच्या कडेच्या आडव्या दांड्याच्या) पोकळीत साळुंकीने घरटे केले आहे आणि उंदरांनी दिव्याची वायर कुरतडली आहे. विक्रेते पक्षी-उंदरांना पळवण्यासाठी अल्ट्रासोनिक (माणसाला ऐकू न येणारा आवाज काढणारे) यंत्र सुचवतात. काय घ्यावे? — एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : आपले दोन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत. होडीवर बसवलेले प्रत्येक उपकरण पक्ष्याला बसायला जागा देते आणि वायरीसाठी पाडलेले प्रत्येक भोक कोणाच्या तरी घराचे दार ठरते. म्हणून उपकरणे मोजकीच घ्यावीत, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खोलीमापक मात्र अवश्य घ्या. पावसाळ्यानंतर भरलेला जलाशय मे महिन्यापर्यंत बराच उतरतो, त्यामुळे दिवाळीत जिथून होडी निर्धास्त गेली तिथेच उन्हाळ्यात खडक वर आलेला असू शकतो, आणि समुद्रासारखा खोलीचा नकाशा हाताशी नसताना या यंत्राशिवाय अंदाज येत नाही. हे यंत्र तळाकडे ध्वनी सोडून त्याच्या प्रतिध्वनीवरून खोली मोजते; उथळ पाण्यासाठी २०० किलोहर्ट्झचा संवेदक योग्य ठरतो. होडीचा तळ एकसंध फायबरचा असेल, तर तळाला भोक न पाडता संवेदक आतून इपॉक्सीने चिकटवता येतो. फक्त मध्ये हवेचा बुडबुडा राहता कामा नये, कारण ध्वनी तिथेच अडतो. व्हीएचएफ रेडिओला परवाना लागतो आणि समुद्रावर १६ क्रमांकाच्या, संकटकाळच्या हाकेच्या चॅनेलवर जसे कोणीतरी सतत ऐकत असते तसे धरणावर नसते. त्यापेक्षा जलरोधक पिशवीतला मोबाइल आणि प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट अधिक उपयोगाचे. स्थान पाहण्यासाठीही मोबाइल पुरतो. वारामापकाऐवजी वारा कसा वाहतो ते दिसावे म्हणून शिडाला लोकरीचे धागे बांधावेत. त्यांना वीज लागत नाही, आणि टोकावरचे नाजूक यंत्र पाणकावळ्याच्या वजनाने मोडण्याची भीतीही उरत नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. खोलीमापक, एलईडी दिवे आणि मोबाइलचे चार्जिंग मिळून सुमारे दीड अँपिअर धरले, तर सहा तासांत ९ अँपिअर-अवर खर्च होतात. त्यासाठी १२ व्होल्टची, २० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी पुरेशी आहे. शिसे-आम्लाची घेतल्यास ती निम्म्याच्या खाली उतरवू नये. २० वॉटचे पॅनेल हा खर्च स्वच्छ उन्हाच्या साधारण दोन दिवसांत भरून काढते. घरातली एकाच जाड तारेची वायर हेलकाव्यांनी तुटते, म्हणून बारीक तारांची, शक्यतो कथिलाचा मुलामा असलेली वायर वापरावी आणि फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवावा. दूर बसवला तर मधली वायर असंरक्षित राहते.

आता अल्ट्रासोनिक यंत्राविषयी. माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो आणि बहुतेक पक्ष्यांची मर्यादा त्याहूनही खाली असते, त्यामुळे त्या यंत्राचा आवाज साळुंकीपर्यंत पोहोचतच नाही. उंदरांना तो ऐकू येतो, पण ते लवकर सरावतात. प्लास्टिकचे घुबडही पक्ष्यांना काही दिवसांतच परिचयाचे होते. खरा उपाय म्हणजे बसायला जागा न ठेवणे : बूमवरून दोन्ही बाजूंना उतरणारे ताडपत्रीचे घट्ट आच्छादन घाला, पॅनेल सपाट न ठेवता तिरके बसवा आणि त्याच्या वरच्या कडेपासून बोटभर उंचीवर जाड दोरी ताणून बांधा. सैल जाळी किंवा मासेमारीची बारीक तंगूस दोरी मुळीच नको. तिच्यात पाय अडकून पक्षी मरतात. विष्ठा पॅनेलच्या एका भागावर जरी साचली, तरी त्या भागाच्या सावलीने वीज घटते आणि तेथील काच तापते, म्हणून ती ओली करून धुवावी, कोरडी खरवडू नये.

घरट्याला सध्या हात लावू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पक्ष्यांची अंडी आणि घरटी यांना धक्का लावणे शिकारीच्या व्याख्येत येते. पिल्ले उडून गेल्याची खात्री झाली की बूमच्या दोन्ही तोंडांना टोपणे बसवा आणि डोलकाठीतून वायर जिथे बाहेर येते तिथेही पहा, कारण गांधीलमाश्यांना ती जागा फार आवडते. उंदरांसाठी वायरींच्या भोकांत तांब्याची जाळी ठासून भरा, होडीत खाण्याचा कणही ठेवू नका आणि काठाला बांधलेल्या दोरावर रुंद, गुळगुळीत तबकडी ओवा. शिसे-आम्लाची बॅटरी असल्यास तिच्या पेटीची हवेची भोके मात्र बुजवू नका, जाळी लावा. चार्जिंगच्या वेळी तिच्यातून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू निघतो. विषारी गोळ्या होडीत ठेवू नका, कारण नाशिक शहराचे पिण्याचे पाणी मुख्यतः याच धरणातून येते; त्याच कारणाने तळाला तांबेयुक्त शेवाळरोधक रंगही लावू नका, महिन्या-दोन महिन्यांनी होडी काठावर ओढून ब्रशने घासणे पुरेसे आहे.