गाडीचा एसी अचानक गार हवा देईनासा झाला, ब्लोअर मात्र जोरात चालतो. गाडी २०१४ची आहे. गॅस भरायला किती खर्च येईल?

खर्च नंतर. आधी सांगा, गॅसच भरायचा आहे हे ठरवलं कुणी? आमच्याकडे हा मान थोरल्या साडूभाऊंचा आहे. एसी गार नाही, गॅस भरा. एसीतून कुबट वास येतोय, गॅस भरा. एप्रिल लागला, गॅस भरा.

एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही हो. कॉम्प्रेसर (गॅस दाबणारा), कंडेन्सर (समोरच्या जाळीमागे बसून गॅसची उष्णता बाहेर टाकणारा), एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (गॅसचा दाब उतरवणारा), कूलिंग कॉइल (डॅशबोर्डमागे हवा गार करणारी) आणि परत कॉम्प्रेसर, असा तोच गॅस त्याच पाइपांतून फिरत राहतो. घरच्या फ्रिजमध्ये दर उन्हाळ्यात गॅस भरता का? कमी झाला असेल तर कुठून तरी गळलाय, आणि जिथून जुना गेला तिथूनच नवाही जाणार. गळलाच नसेल तर वरून भरणं म्हणजे पैसे देऊन बिघाड विकत घेणं. हे मी भर मे महिन्यात, सासरच्या माणसांसमोर सोसलंय, म्हणून एवढं लिहितोय.

जळगावहून छत्रपती संभाजीनगरला लग्नाला निघालो होतो. गाडी माझी, शेजारी साडूभाऊ, मागे बायको, तिची थोरली बहीण आणि सासूबाई, मांडीवर रुखवताचे डबे. पहूरपर्यंत एसी इतका गार की सासूबाईंनी पदर कानाभोवती घेतला. फर्दापूर सोडलं, अजिंठ्याच्या घाटात ट्रकांच्या मागे अडकलो आणि हवा कोमट. घाट संपून मोकळा रस्ता मिळाला, पुन्हा गार. सिल्लोडच्या गर्दीत पुन्हा कोमट.

ज्याला एसीतलं थोडंही कळतं त्याला यापुढे बॉनेट उघडायचीही गरज नाही. गाडी पळते तेव्हा समोरचा वारा कंडेन्सरवर आपसूक लागतो, उभी राहिली की ते काम फॅनचं. मी म्हटलं, "साडूभाऊ, कंडेन्सरचा फॅन बंद दिसतोय." तर म्हणाले, "अहो, फॅन बंद असता तर इंजिन तापलं नसतं का? काटा बघा, मध्यावर आहे. गॅस संपलाय." मुद्दा ऐकायला बिनतोड. फक्त माझ्या गाडीत रेडिएटरचा फॅन वेगळा आणि कंडेन्सरचा वेगळा, हे मी सांगेपर्यंत मागून आलंच, "जावईबापू, ते म्हणताहेत तर घ्या ना भरून." आता जावयाने सासूबाईंपुढे किती ताणायचं? गाडी एका गॅरेजपाशी घेतली.

तिथल्या पोराने बॉनेट उघडून सगळ्यात आधी काय केलं असेल, तर जाळीतून कंडेन्सरवर बादलीभर पाणी मारलं. मग कॅनचा पाइप लो साइडला, म्हणजे कमी दाबाच्या पाइपला जोडला आणि गाडी रेस करत गॅस सोडला. हाय साइडला, म्हणजे जास्त दाबाच्या बाजूला, प्रेशर गेज नाही, कॅन वजनकाट्यावर नाही, नुसता अंदाज. आणि व्हेंटमधून गारेगार हवा! साडूभाऊंनी माझ्याकडे बघितलं ते अजून आठवतंय. वर पैसेही त्यांनीच दिले, म्हणजे माझं तोंड कायमचं बंद.

गार झालं होतं ते त्या पाण्याने. कंडेन्सर भिजला, त्याची उष्णता गेली, हवा गार झाली. गॅसचा थेंब न सोडताही झाली असती. उलट ही चांगली चाचणी आहे: उभ्या गाडीत समोरच्या जाळीवर पाणी मारलं आणि हवा गार व्हायला लागली, तर दोष फॅनचा किंवा कंडेन्सरवर साचलेल्या मातीचा. (पाणी जाळीवरच मारा, तापलेल्या इंजिनावर नको.)

शहरातल्या सिग्नलांवर आलो तेव्हा आधीचं कोमट बरं होतं म्हणायची वेळ आली. कॉम्प्रेसर टक् करून लागायचा, टक् करून सुटायचा. आधीच फॅन बंद, त्यात जास्तीचा गॅस. हाय साइडचं प्रेशर चढलं की प्रेशर स्विच कॉम्प्रेसरची वीज तोडतो. तोडतो म्हणून वाचलो. काचा खाली करून लू अंगावर घेत कार्यालयात पोचलो. रुखवतातले चॉकलेटचे मोदक डब्यातच एक झाले होते.

दुसऱ्या दिवशी आत हळद चाललेली आणि मी पार्किंगमध्ये बॅटरीवरून दोन वायरी काढून फॅनच्या मोटरला थेट लावल्या. फिरला नाही. मोटरवर पान्याच्या मुठीने हलकं ठोकलं तर जरा फिरला आणि थांबला. मोटरच्या आत वीज पोचवणारे कार्बनचे ब्रश झिजलेले. परत आल्यावर मोटर बदलली, एसीवाल्याने आतला सगळा गॅस काढून घेतला, व्हॅक्यूम मारला (पंपाने पाइपांतली हवा आणि ओल खेचून काढली) आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले तेवढेच ग्रॅम वजन करून भरले. त्यानंतर गॅस भरावा लागलेला नाही. यावर साडूभाऊ प्रत्येक बारशाला काय सांगतात? "मी भरून दिलेला गॅस अजून चालतोय यांच्या गाडीत." अहो, तो गॅस काढून टाकला!

असो. तुमचं बघू.

तुम्ही "अचानक" म्हणताय, तिथेच मला गॅसबद्दल शंका आहे. गळती बहुतेक वेळा सावकाश असते, गारवा आठवड्या-महिन्यांत उतरत जातो. एका दिवसात बंद पडला तर आधी वीज बघा (दगड लागून कंडेन्सर फुटला असेल तर गोष्ट वेगळी). इंजिन चालू ठेवून कुणाला तरी एसीचं बटण दाबायला सांगा आणि कॉम्प्रेसरकडे बघा. पुली पट्ट्याबरोबर फिरतच असते, तिच्या तोंडावरची कॉम्प्रेसरच्या क्लचची (गियरच्या नव्हे) प्लेट टक् करून ओढली गेली पाहिजे. ओढली जात नसेल तर फ्यूज बघा, मग त्याच नंबरचा हॉर्नचा रिले (फ्यूजबॉक्समधला वीज जोडणारा छोटा डबा) एसीच्या जागी लावून बघा. गॅस पार गेला असला तरी लो प्रेशरमुळे क्लच लागत नाही. अशा वेळी प्रेशर स्विचला वायर मारून कॉम्प्रेसर जबरदस्तीने चालवणारा भेटला तर गाडी घेऊन निघा. कॉम्प्रेसरचं ऑइल गॅसबरोबरच फिरतं, कोरडा फिरवला तर जाम होतो.

क्लच लागत असेल तर पट्टा सांभाळून पाइपांना हात लावा. जाड पाइप गार आणि घामेजलेला, बारीक पाइप गरम, असं हवं. दोन्ही सारखेच लागले तर गॅस कमी असू शकतो किंवा कॉम्प्रेसर थकलाय; तिथे दोन्ही बाजूंना गेज लावल्याशिवाय बोलू नये. जॉइंटवर तेलकट डाग आणि त्यावर धूळ चिकटलेली दिसली तर गळती तिथेच. तासभर गार राहून मग हवेचा जोरच कमी होत असेल तर कॉइलवर बर्फ धरतोय. केबिन फिल्टर आणि कॉइलचा सेन्सर बघा, तिथे गॅसला हात लावू नका.

भरायचाच ठरला तर आधी गळती शोधून घ्या, किमान अर्धा तास व्हॅक्यूम घ्या आणि "किती ग्रॅम टाकला?" विचारा. छोट्या हॅचबॅकमध्ये आर-१३४ए (तुमच्यासारख्या गाड्यांतल्या एसीचा गॅस) साधारण ३५० ते ५०० ग्रॅम असतो, त्यामुळे "थोडा जास्त टाकतो साहेब" यातला थोडाही पुष्कळ होतो. खर्च यावरच आहे. फ्यूज असेल तर चहाच्या पैशांत सुटाल, कूलिंग कॉइल गळत असेल तर अख्खा डॅशबोर्ड खोलायची मजुरी द्यावी लागेल.

आता एक मान्य करतो, कारण कुणीतरी खाली येऊन म्हणणारच. फ्रिजचा कॉम्प्रेसर डब्यात सीलबंद असतो. गाडीचा पट्ट्यावर चालतो, त्याच्या शाफ्टला सील असतं, मधले होज रबराचे असतात, आणि त्यांतून वर्षानुवर्षं थोडा गॅस झिरपतोच. तुमची २०१४ची गाडी आणि एकदाही भरला नसेल, तर थोडा कमी असणं शक्य आहे. पण अनेक वर्षांतून एकदा वजन करून भरणं वेगळं आणि दर एप्रिलला अंदाजाने ओतणं वेगळं. साडूभाऊ दुसऱ्या पक्षाचे आहेत.

आणि काही गाड्यांत क्लचच नसतो, तिथे टक् ऐकू येणार नाही. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक गाडीवाले हे वाचत असतील तर त्यांनी वरचं काहीच करू नये. तिथे कॉम्प्रेसर बहुतेक हाय व्होल्टेजवर चालतो, नारिंगी वायरींना हात न लावता गाडी सरळ जाणकाराकडे न्यावी.