'रोज वाचतो, तरी देव कळत नाही' या प्रश्नावर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: आठ महिने झाले, वर्षभरात बायबल वाचून संपवायच्या योजनेप्रमाणे रोज तीन-चार अध्याय वाचता, एकही दिवस चुकलेला नाही. तरी देवाचा स्वभाव कळला असं वाटत नाही, उलट जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या येशूपूर्वीच्या भागातला, देव रागीटच वाटायला लागलाय. म्हणून विचारता, योजना बदलू का?

मी म्हणेन, योजना आहे तीच राहू द्या. वाचताना मनात कुठला प्रश्न असतो, तो बदला.

माझी पहिली दोन वर्षं अशीच वाचून झालेल्या अध्यायांवर खुणा करण्यात गेली. एकूण 1189 अध्याय, भागिले 365, म्हणजे दिवसाला सव्वातीन; हिशोब तोंडपाठ होता. आणि मनात रोज एकच प्रश्न, आज माझ्यासाठी काय आहे? मला लागू पडणारं एखादं वचन उचलायचं, त्याखाली रेघ मारायची, बाकीचं ओलांडून पुढे जायचं. निवासमंडपाचे, म्हणजे इस्राएल लोकांनी रानात देवासाठी उभारलेल्या तंबूचे, पडदे, कड्या, खुंट्या हे सगळं डोळ्यांखालून जायचं, डोक्यात काही शिरायचं नाही. आता मी आधी विचारतो, इथे देवाने काय केलं आणि स्वतःबद्दल काय सांगितलं? माझी पाळी त्यानंतर.

एक जागा नीट उलगडून दाखवतो. निर्गम या पुस्तकाचे 32 ते 34 हे अध्याय एका बैठकीत वाचा. इस्राएल लोकांचा पुढारी मोशे सीनाय डोंगरावर देवापाशी असताना खाली लोक पूजेसाठी सोन्याचं वासरू करतात. मोशे देवाच्या आज्ञा लिहिलेल्या दगडी पाट्या फोडतो. देव म्हणतो, मी तुमच्याबरोबर येणार नाही. मोशे विनवणी करतो आणि शेवटी मागतो, तुझं तेज मला दाखव. तेव्हा देव मेघातून उतरतो आणि स्वतःची ओळख स्वतःच करून देतो: 'दयाळू व कृपाळू देव, मंदक्रोध, दयेचा व सत्याचा सागर'. ही कुणा भक्ताने केलेली स्तुती नव्हे. आणि वेळ कोणती, तर करार नुकताच मोडलेला, दुसऱ्या पाट्या अजून कोऱ्या.

'मंदक्रोध' या शब्दापाशी जरा थांबा. मूळ हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा' असं आहे. त्या भाषेत राग म्हणजे नाक तापणं. नाक लांब, म्हणजे ते तापायला वेळ लागतो. आपण ज्याच्या नाकावर राग असतो म्हणतो, त्याच्या अगदी उलट! पण राग येतच नाही, असं मात्र त्यात कुठेही म्हटलेलं नाही. त्याच वाक्याचा पुढचा भाग, दोषी माणसाला मुळीच निर्दोष ठरवणार नाही, हाही देवाच्याच तोंडचा आहे. तो सोयीस्करपणे गाळून वाचणारे मी खूप पाहिलेत, मीही त्यातलाच.

आता हे वाक्य पुढे कुठे कुठे भेटतं ते बघा. गणना 14 मध्ये देवाने देऊ केलेला देश पाहायला गेलेले हेर परत येतात, लोक बंड करतात, तेव्हा मोशे देवाला त्याचेच शब्द ऐकवून क्षमा मागतो. देव म्हणतो, क्षमा केली. तरी ती पिढी वचनदत्त देशात जात नाही, चाळीस वर्षं रानातच राहते. क्षमा आणि परिणाम, दोन्ही एकाच अध्यायात. मला हे पचायला फार वेळ लागला. पुढे तेच शब्द नहेम्या 9 मध्ये पापकबुलीत येतात, स्तोत्र 86, 103 आणि 145 मध्ये गाण्यात, योएल 2 मध्ये पश्चात्तापाच्या हाकेत.

आणि मग योना, देवाने शत्रूच्या निनवे नगराला इशारा द्यायला पाठवलेला संदेष्टा. त्याच्या तोंडी ही चक्क तक्रार आहे! निनवेच्या लोकांनी पश्चात्ताप केला, देवाने अरिष्ट टाळलं, आणि योना चिडून म्हणतो, तू कृपाळू आणि मंदक्रोध आहेस हे मला माहीतच होतं, म्हणूनच तर मी निनवेला न जाता दूर तार्शीशाकडे पळालो. म्हणजे देवाचा स्वभाव त्याला पाठ होता, फक्त शत्रूच्या वाट्याला यायला नको होता. पुस्तक संपतं तेही देवाच्या प्रश्नावर: ज्यांना उजवा-डावा हात कळत नाही असे एक लाख वीस हजारांहून अधिक लोक आणि कितीतरी गुरंढोरं असलेल्या या नगराची मी पर्वा करू नये का? योनाचं उत्तर दिलेलं नाही. नहूमाचं पुस्तकही निनवेबद्दलच आहे. तिथेही परमेश्वर मंदक्रोधच आहे, पण या वेळी न्याय थांबत नाही. इ.स.पू. 612 मध्ये ते नगर पडलं. योना आणि नहूम लागोपाठ वाचले, की 'रागीट देव' ही तक्रार मावळत नाही, पण तिचा आकार बदलतो. निदान माझी तरी बदलली.

कंटाळवाण्या अध्यायांबद्दल. निर्गमात मंडप कसा करायचा हे 25 ते 31 मध्ये, वासराचं प्रकरण 32 ते 34 मध्ये, आणि 35 पासून मंडप प्रत्यक्ष उभा राहतो. तेच पडदे, त्याच कड्या, त्याच खुंट्या पुन्हा. मी याला वर्षानुवर्षं पुनरुक्ती म्हणत होतो. पण मध्ये काय घडलंय ते लक्षात घेतलं, तर एकेक खुंटी सांगते की आधीचा बेत रद्द झालेला नाही. 'येणार नाही' म्हणणारा देव 40 व्या अध्यायात त्याच मंडपात राहायला येतो. रोज सलग वाचण्याचा फायदा इथे आहे. सुटी वचनं वेचणाऱ्याला हे दिसणारच नाही.

एक सावधगिरी. शास्त्रात छापलेलं प्रत्येक वाक्य देवाबद्दलचं सत्य म्हणून वहीत उतरवू नका. ईयोबाच्या पुस्तकात, संकटात सापडलेल्या ईयोबाचे मित्र देवाबद्दल पानंच्या पानं बोलतात, ऐकायला भारदस्त. आणि 42 व्या अध्यायात देव त्यांच्यातल्या अलीफजाला सांगतो, तुम्ही माझ्याविषयी यथार्थ बोलला नाहीत. म्हणून बोलतंय कोण, हे आधी बघा.

नवा करार आला की तोच धागा सोडू नका. योहान 1:14 मध्ये येशूबद्दल 'अनुग्रह व सत्य' ही जोडी येते, तिच्यात मला सीनायवरच्या 'दया व सत्य' याचाच आवाज ऐकू येतो. आणि योहान 14 मध्ये येशूचा शिष्य फिलिप्प 'आम्हाला पिता दाखवा' म्हणतो, त्याला मिळालेलं उत्तर तुम्हाला ठाऊक असेलच: ज्याने मला पाहिलं त्याने पित्याला पाहिलं. फिलिप्प इतके दिवस येशूबरोबर राहूनही त्याला ओळखत नव्हता, याचा मला थोडा दिलासाही वाटतो.

वहीचं विचारलंय म्हणून: मी दिवसाला एकच ओळ लिहितो, कर्ता देव आणि क्रियापद त्याचं. 'देवाने हागारेला विचारलं, तू कुठून आलीस.' 'देवाने एलीयाला आधी झोपू दिलं, मग खायला दिलं.' विशेषणं मी मुद्दाम लिहीत नाही. 'देव प्रेमळ आहे' असं लिहिलं की माझं डोकं तिथेच बंद पडतं. ज्या दिवशी ओळ सुचत नाही त्या दिवशी संदर्भ लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकतो. अशी प्रश्नचिन्हं माझ्याकडे बरीच आहेत, यहोशवाच्या पुस्तकात तर ओळीने. काहींची उत्तरं तीन-चार वर्षांनी भलत्याच पुस्तकात सापडली, बाकीची तशीच आहेत.

राहिलेल्या चार महिन्यांत योजनेतले काही दिवस मागे पडले तरी चालतील. उद्या निर्गम 32 पासून सुरू करा, आणि योनापर्यंत पोचलात की इथेच लिहा.