बुश बदलला, पण बोल्ट कधी आवळला?

बोरिवलीहून एक वाचक विचारतात: स्पीड ब्रेकरवरून उतरताना पुढच्या डाव्या चाकातून 'धप्' असा आवाज येतो. गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही शॉकअप बदला. आधी काय तपासू?

शॉकअपवर तेल ओघळलंय का बघा. ओघळ नसेल आणि बॉनेटचा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी झुलत राहत नसेल, तर एवढ्यात खिशात हात घालू नका. गाडी घोडीवर (उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडवर) घ्या, लोअर आर्म (चाकाला धरणारा खालचा दांडा) आणि सबफ्रेम (तो दांडा जिथे जोडलेला असतो ती चौकट) यांच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून हलकेच रेटा. बुश म्हणजे या सांध्यातलं, नळीभोवती बसवलेलं रबर. चांगला बुश थोडा दबून जागेवर येतो. गेलेल्या बुशात मधल्या नळीभोवती फट उघडते. वरवरच्या बारीक भेगा जुन्या रबराला पडतातच, त्यांना घाबरू नका. रबर आतपर्यंत फाटलंय का, ते महत्त्वाचं. ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर संशय आणखी बळावतो. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकवरून हळू जाताना बारीक 'टक-टक' येत असेल, तर मात्र बहुतेक वेळा स्टॅबिलायझरची, म्हणजे वळणावर गाडी कलू न देणाऱ्या बारची, लिंक गेलेली असते. ते काम सोपं आणि स्वस्त.

मुलुंडहून: सोसायटीच्या पार्किंगमध्ये लोअर आर्मचे बुश स्वतः बदलता येतील?

आर्म काढणं-बसवणं जमेल. बुश दाबायला मात्र आर्म हायड्रॉलिक प्रेसवाल्याकडे न्या; हातोड्याने ठोकून बसवलेल्या बुशची बाहेरची नळी वाकडी होते आणि मेहनत वाया जाते. पुष्कळ बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात आणि त्यांची दिशा ठरलेली असते. म्हणून जुना बुश निघण्याआधी आर्मवर खूण करा, फोटो काढा. बॉल जॉइंटही (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोल सांधा) ढिला असेल तर अख्खा आर्मच घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जाणार असाल तर पार्ट नंबर लिहून न्या, 'चालून जाईल' म्हणून दिलेला माल घेऊ नका.

गाडीसोबत आलेला जॅक पंक्चरपुरता. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही. पेव्हर ब्लॉकची जमीन खचते, म्हणून घोडीखाली जाड प्लायवूड. स्टॅक पार्किंगच्या पाळण्यात तर हा उद्योग नकोच.

चेंबूरहून: पावसाळ्याआधी ओरिजिनल बुश टाकले, दिवाळीच्या आत फाटले. नकली माल मिळाला का?

असेलही, पण मी आधी विचारीन की बोल्ट आवळले तेव्हा चाक कुठे होतं? बऱ्याच लोअर आर्मच्या बुशमध्ये रबर आतल्या आणि बाहेरच्या नळीला घट्ट चिकटवलेलं असतं. बोल्ट आतली नळी सबफ्रेमशी जखडतो. आर्म वर-खाली होतो तेव्हा नळी फिरत नाही, रबर पीळ खातं. चाक हवेत लोंबकळत असताना बोल्ट पूर्ण आवळला, की रबर त्याच स्थितीत जखडलं जातं. गाडी खाली उतरली की नुसती उभी असतानाही त्याला पीळ; त्यावर प्रत्येक खड्ड्याचा आणखी. ओल्या फडक्यासारखं पिळलेलं रबर किती टिकणार?

म्हणून बोल्ट आधी फक्त हाताने लावा. मग गाडी चाकांवर उतरवा. पाना पोचत नसेल तर चाकांखाली सारख्या जाडीच्या भक्कम फळ्या द्या. तेही जमत नसेल तर घोडी तशीच ठेवून बॉल जॉइंटजवळ आर्मखाली ट्रॉली जॅक लावा आणि गाडी घोडीवरून जेमतेम उचलू लागेपर्यंत वर घ्या. आता आवळा, मॅन्युअलमधल्या आकड्याला, टॉर्क रेंचने (किती जोराने आवळतोय ते दाखवणाऱ्या पान्याने). गॅरेजमध्ये काम करून घेतलंत तरी चाकं लोंबकळत असताना, लिफ्ट खाली येण्याआधीच शेवटचा पाना मारला जात नाही ना, एवढं उभं राहून बघा.

आणखी एक. वॉशिंगनंतर गाडीच्या पोटाला डिझेल किंवा जुन्या ऑइलचा फवारा मारायची पद्धत आहे. गंज थांबेल, पण रबर फुगून मऊ पडतं. नको म्हणून सांगा. बसवतानाही ग्रीस नाही, साबणाचं पाणी.

दादरहून: पॉलियुरेथेनचे बुश टाकू का?

रोज ऑफिसला जायच्या गाडीला नको. टिकतात, पण रस्त्याचा प्रत्येक हादरा स्टिअरिंगवर येतो आणि ग्रीस सुकलं की करकरतात.

विक्रोळीहून: बुशनंतर अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागतंच का?

लोअर आर्म सुटला असेल तर हो, नाहीतर टायर एका कडेने झिजेल. नुसते स्टॅबिलायझरचे बुश बदलले असतील तर गरज नाही. ते बदलताना मात्र पुढची दोन्ही चाकं एकत्र उचला. एकच उचललं तर बार ताणात राहतो आणि ब्रॅकेटचा बोल्ट भोकात येत नाही.