80 हजार किलोमीटर चाललेली जुनी पोर्श घ्यावी की 16 हजारवाली?

तुमचा प्रश्न असा आहे: 2007 ची पोर्श 911, 80 हजार रनिंग, सर्व्हिसची सगळी फाईल जागेवर. थोडे पैसे जास्त घातले तर त्याच वर्षाची, फक्त 16 हजार चाललेली दुसरी मिळते. मित्र म्हणतात, असल्या गाडीचं इंजिन 50 हजारानंतर संपतं. आणि बेळगावात राहून ती सांभाळायची आहे.

मी 80 हजारवाली आधी बघेन. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझं मशीनशॉप आहे आणि शेजारीच गॅरेज. कोल्हापूर, निपाणी, गोव्याकडून अशा मोजक्या गाड्या येतात, त्यातल्या दोन मला कायमच्या लक्षात राहिल्या.

दोन्ही एकाच पावसाळ्यात आल्या, दोन्ही जर्मन बनावटीच्या स्पोर्ट्स कार. पहिली खानापूर रोडवरच्या एका बंगल्यातली, रनिंग 11 हजार. ताडपत्रीखाली सलग चार पावसाळे उभी. आपल्याकडचा पाऊस आणि दमट हवा तुम्हाला माहीत आहेच. बॅटरी मेलेली, ब्रेकचे कॅलिपर डिस्कला धरून बसलेले, वायरिंग उंदरांनी सोललेलं, कूलंटचा होज बोटाने दाबला तर चिरा पडत होत्या. टायरची नक्षी नव्यासारखी, पण त्यावरचा तारखेचा आकडा 2311, म्हणजे 2011 सालचा 23 वा आठवडा. दुसरी कोल्हापूरची, 1 लाख 10 हजार चाललेली, महिन्यातून एकदा हायवेने बेंगळुरूला जाऊन येणारी. ऑइल दरवर्षी बदललेलं, मग ती किती का चालेना.

दोन्हींचे ऑइल फिल्टर काढले. कागदाच्या घड्या ब्लेडने कापून पांढऱ्या फडक्यावर उलगडल्या आणि ट्यूबलाइटखाली वाकून बघितलं. लाख चाललेल्या गाडीचा कागद काळपट, पण स्वच्छ. 11 हजारवालीच्या घड्यांमध्ये बारीक चमक होती. चुंबक फिरवलं तर काही कण उचलले गेले, काही तिथेच राहिले. चुंबकाला लागतं ते पोलाद, म्हणजे बेअरिंग किंवा चेन. लागत नाही आणि चकाकतं ते ॲल्युमिनियम, म्हणजे पिस्टन किंवा बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत. त्या गाडीत दोन्ही होतं. मालकाला हे सांगताना मला खरोखर वाईट वाटलं, कारण गाडी जपावी म्हणूनच त्यांनी ती चालवली नव्हती.

यामागचं कारण समजून घ्या. रबर, सील, होज, बुश, टायमिंग बेल्ट हे किलोमीटरवर कमी आणि वर्षांवर जास्त म्हातारे होतात. फेरारी एफ355 आणि 360 मॉडेनाचा टायमिंग बेल्ट गाडी हलली नाही तरी तीन ते पाच वर्षांत बदला असं जाणकार सांगतात, आणि 355 मध्ये त्यासाठी अख्खं इंजिन खाली उतरवावं लागतं. 360 मध्ये सीटमागच्या झाकणातून काम होतं, एफ430 ला तर बेल्टच्या जागी चेन आली. म्हणजे एकाच कंपनीच्या, थोड्याच वर्षांच्या अंतराने आलेल्या गाड्या, आणि सांभाळायच्या खर्चात एवढा फरक. त्यामुळे ‘एक्झॉटिक, म्हणजे असली महागडी स्पोर्ट्स कार, टिकते का’ असं सरसकट विचारून उपयोग नाही, कुठलं इंजिन ते विचारावं लागतं.

आता तुमच्या 911 चं. या इंजिनाचं आयएमएस बेअरिंग बदनाम आहे. कॅमशाफ्टच्या चेन फिरवणाऱ्या मधल्या शाफ्टचं हे बेअरिंग. त्याचं सील कडक होतं, आतलं ग्रीस धुतलं जातं, बेअरिंग सुटतं आणि इंजिन जातं. हा त्रास मुख्यतः 1990 च्या दशकाअखेरपासून 2005 पर्यंतच्या गाड्यांचा, आणि कमी चालवलेल्या गाड्यांत तो जास्त, असं या इंजिनांवर काम करणारे सांगतात. 2007 च्या गाडीत ते बेअरिंग मोठं आहे, त्याची भीती बरीच कमी. 2009 च्या मॉडेलपासून तो शाफ्टच काढून टाकला.

तुम्ही बोअर तपासा. प्लगच्या भोकातून कॅमेरा घालून, पिस्टन खाली नेऊन, सहाही सिलिंडर बघायला लावा. बोअरवर उभे ओरखडे असतील तर गाडी सोडा. हे आवर्जून सांगतोय, कारण उद्यमबागेत क्रँकशाफ्ट ग्राइंड होतो, बोअरिंग होतं, तेव्हा ‘आपण करून घेऊ’ असं इथे कुणालाही वाटतं. पण हे बोअर बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या लायनरचं नाही, सिलिकॉन मिसळलेल्या ॲल्युमिनियमचं आहे. आपलं नेहमीचं बोअरिंग करून ओव्हरसाइझ पिस्टन टाकणं तिथे चालत नाही.

दुसरं, स्कॅनर लावून इंजिन किती तास चाललं ते काढा. 80 हजार किलोमीटर आणि 1,600 तास म्हणजे सरासरी ताशी 50, हायवेची गाडी. तेच 4,000 तास निघाले तर एकतर ती कायम ट्रॅफिकमध्ये रांगली, नाहीतर मीटर मागे घेतलंय. खालचा गिअर चुकून पडून इंजिन ओव्हर-रेव्ह झालं, म्हणजे मर्यादेपेक्षा जोरात फिरलं असेल तर त्याचीही नोंद तिथेच सापडते.

पुढे लॅम्बोर्गिनी गॅलार्डोच्या वाटेला गेलात तर क्लच किती उरलाय ते आधी विचारा. ई-गिअरच्या, म्हणजे क्लचचं पेडल नसलेल्या गाडीचा क्लच चढावर रिव्हर्स घेताना आणि खडेबाजारासारख्या गर्दीत पुढे-मागे करताना झिजतो, हायवेवर नाही.

पेट्रोलचंही बघावं लागेल. पंपावर आता 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, आणि ते इथेनॉल आपल्याच भागातल्या उसाचंही असतं. ते पाणी ओढतं आणि जुन्या रबराला मानवत नाही. 2007 ची गाडी या पेट्रोलसाठी बनलेली नाही, तेव्हा इंधनाचे होज एकदा नवे टाका आणि टाकी भरून महिनोन्महिने उभी करू नका.

बेळगावात सांभाळता येईल का? येईल. ऑइल, ब्रेक, बुश ही कामं इथे होतात. मोठं काम निघालं तर फ्लॅटबेडवर बेंगळुरू किंवा मुंबई, दोन्हीकडे साधारण 500 किलोमीटर. गाडी जुनी म्हणून स्वस्तात मिळते, स्पेअर मात्र नव्या गाडीच्याच भावाने येतात. म्हणून खरेदीच्या रकमेचा पाचवा हिस्सा तरी बाजूला ठेवून मगच व्यवहार करा. गाडी दुसऱ्या राज्याच्या पासिंगची असेल तर एनओसी आणि कर्नाटकचा लाइफ टॅक्स आधी धरा, तो आकडा लहान नसतो.

बघायला सकाळी जा, आणि मालकाला आदल्या दिवशीच सांगा की आम्ही येईपर्यंत चालू करू नका. आधीच गरम केलेल्या इंजिनात थंडपणी सुरू होतानाचा आवाज ऐकायला मिळत नाही. थंड इंजिन तुमच्यासमोर सुरू होऊ द्या, मागे उभं राहून दोन्ही बाजूंच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवा. एकाच बाजूला जास्त काजळी आणि तेलकटपणा असेल तर सिलिंडर कॅमेऱ्याने बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दोन्ही गाड्यांच्या फाईलमधली ऑइल बदलल्याची पानं इथे टाकलीत, तर तारखा बघून मी सांगतो.