घरामागचा बार रात्री 1 पर्यंत उघडा ठेवायची परवानगी मागतोय, आम्ही शेजाऱ्यांनी काय करायचं? (बेळगाव)

तुम्ही लिहिलंय की टिळकवाडीत तुमच्या घराला लागूनच मागं गार्डन बार अँड रेस्टॉरंट आहे, मालकाने वेळ वाढवून मागितलीय, आणि घरात आजारी आई आणि दहावीचा मुलगा आहे. मी वडगावचा, आमच्या गल्लीच्या तोंडाला पण असाच एक बार आहे आणि त्याच्यावरून आमची बरीच पळापळ झालीय, म्हणून जे कळलंय ते सांगतो.

सगळ्यात आधी, निवेदनात "दारूमुळं तरुण पिढी बिघडते, बार बंदच करा" असलं लिहू नका. राग मला पण येतो की ओ, पण लायसन्स कायदेशीर असेल तर तसला कागद फायलीला लागतो आणि तिथंच पडून राहतो. शाळा, देऊळ, दवाखाना 100 मीटरच्या आत येत असेल तर गोष्ट वेगळी, ते मात्र मोजून बघा आणि ठळक लिहा. नाहीतर फक्त आवाजावर बोला, कारण तिथं कायदा तुमच्या बाजूने उभा आहे.

वेळेचं म्हणाल तर 2024 च्या फेब्रुवारीतल्या बजेटमध्ये कर्नाटक सरकारनेच बंगळूर आणि बाकीच्या 10 महापालिकांत रात्रीचा धंदा 1 पर्यंत चालू द्यायचं जाहीर केलं होतं, त्यामुळं मालक त्याच्यावर बोट ठेवणार हे धरून चाला. पण उघडं राहायची वेळ आणि गाणी वाजवायची वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम देशभर लागू आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 स्पीकर लावायचा असेल तर तो बंदिस्त जागेतच, तो पण आतल्या लोकांपुरता. गार्डन, टेरेस, पत्र्याची शेड चारी बाजूंनी उघडी असली तर ती बंदिस्त होत नाही. म्हणजे उद्या 1 ची परवानगी मिळाली तरी बागेतला स्पीकर 10 ला बंदच व्हायला पाहिजे. राहत्या वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे, कमर्शियल भागात 55. तुमचा भाग कशात मोडतो ते आधी बघून ठेवा, नाहीतर समोरचा माणूस 55 सांगून मोकळा होईल.

आता खरा त्रास कुठं असतो ते सांगतो. आमच्या वडगावात मागाचा खटखटाट ऐकतच आम्ही मोठे झालो, त्या आवाजात लहान बाळं पण गाढ झोपतात, कारण तो एका लयीत चालू असतो. झोप मोडते ती मध्येच येणाऱ्या आवाजाने. बार बंद झाल्यावर गेटसमोर घोळका उभा राहून गप्पा मारतो, कोणतरी बुलेटला किक मारून नुसतीच रेज करत बसतो, गाडी काढताना हॉर्न, मग भांडण, आणि हे सगळं संपलं की वेटर रिकाम्या बाटल्या क्रेटमध्ये टाकतात तो काचेचा आवाज, आणि शेवटी शटर. बारच्या आतला आवाज मालकाच्या हातात असतो, पण गेटबाहेरचा आवाज कोणाच्याच हातात नसतो, मालक म्हणतो रस्ता माझा नव्हे आणि पोलीस म्हणतात किती वेळा यायचं. 11 ला सुटणारा हा सगळा गोंधळ 1 वाजता सुटणार हा तुमचा खरा मुद्दा आहे आणि माझं स्पष्ट मत आहे की गेटबाहेरची जबाबदारी मालकाने लेखी घेतल्याशिवाय एक मिनिटसुद्धा वाढवून देऊ नये. आईच्या औषधाच्या वेळा, पोराचा अभ्यास, या काय हौसेच्या गोष्टी नव्हेत. सुप्रीम कोर्टाने 2005 च्या निकालात शांतपणे राहायचा हक्क 21 व्या कलमात धरलाय, तो उल्लेख निवेदनात जरूर टाका.

आणखी एक, नुसत्या मोबाईल ॲपच्या आकड्यावर जाऊ नका. धप धप करणारा बास भिंतीतून आरपार येतो, छातीत जाणवतो, पण नेहमीच्या मोजणीत तो कमी धरला जातो, म्हणून आकडा बरा दिसतो आणि झोप मात्र लागत नाही. ॲपचे फोटो ठेवा, पण त्याच्यापेक्षा साधी वही करा, तारीख, वेळ, कसला आवाज, किती वेळ चालला. तीन-चार घरांनी आपापली वेगळी वही ठेवली तर त्याला वजन येतं. आमच्याकडं साहेबांनी वहीच आधी वाचली, फोटो नंतर बघितले.

निवेदनाच्या प्रती अबकारी उपायुक्त, पोलीस आयुक्त, महापालिका आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं इथलं ऑफिस अशा सगळीकडं द्या आणि प्रत्येक ठिकाणी शिक्का मारलेली पोच घ्या. कन्नडमध्ये टाईप करून घेतलं तर टेबलावरून लवकर हलतं, मराठी प्रत सोबत जोडा. त्या रात्री त्रास होत असेल तर 112 ला फोन करा. आणि परवानगी मिळायच्या आत द्या हे सगळं, नंतर धावून उपयोग कमी.

पण याच्याही आधी मालकाला जाऊन भेटा, एकट्याने नव्हे, दोघंतिघं वयस्कर माणसं आणि एखादी काकू बरोबर घेऊन, आणि दुपारी, गिऱ्हाईक नसताना. तिथं काम करणाऱ्या पोरांचं पोट त्याच्यावर आहे हे पण खरंच आहे, आणि बहुतेक मालकांना शेजाऱ्यांशी वाकडं नकोच असतं. आमच्या इथं बाटल्यांचे क्रेट सकाळी 8 नंतर हलवायचे ठरलं, मागच्या गल्लीचं दार 10 ला बंद करून लोकांना मेन रोडच्या गेटने सोडायचं ठरलं, स्पीकर भिंतीवरून काढून रबरावर ठेवले आणि गेटवर एक माणूस उभा केला. बुलेटवाल्यांचा त्रास अजून पूर्ण गेला नाही, पण क्रेटचा आवाज थांबल्यापासून आमच्या शेजारच्या आजी परत पुढच्या खोलीत झोपायला लागल्यात.

गणपतीत आणि शिवजयंतीत तुमचा डॉल्बी चालतो की, असं मालक तोंडावर म्हणेल. त्याला सांगा की सणासाठी सरकार वर्षात जास्तीत जास्त 15 दिवस आणि तेही 12 पर्यंतच सूट देऊ शकतं, बार रोजचा आहे. आणि तुमच्या गल्लीतलं मंडळ 12 नंतर वाजवत असेल तर त्यांना पण आत्ताच जाऊन सांगा, कारण नंतर हाच मुद्दा साहेबांच्या टेबलावर तुमच्या विरुद्ध येतो.

एवढं करून पण वेळ वाढवून मिळालीच तर ती आधी तीन महिन्यांसाठी द्या, त्या काळातल्या तक्रारी बघून पुढचं ठरवा, अशी लेखी मागणी त्याच निवेदनात शेवटी टाकून ठेवा, आणि वही त्या तीन महिन्यांत पण चालू ठेवा.