आईला जुना ड्राय एएमडी आहे (वयामुळे मॅक्युला, म्हणजे डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग, हळूहळू झिजण्याचा आजार). स्टेम सेलचं (मूलपेशींचं) इंजेक्शन घेऊन तिची गेलेली नजर परत येईल का?

क्लिनिकवाले डोळ्यात टोचतात त्या इंजेक्शनने नाही. "पेशी सोडा, त्या आपली जागा शोधतात" हे ऐकलं की आजही डोकं फिरतं.

मॅक्युलाच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशींखाली त्यांना पोसणाऱ्या आरपीई पेशींचा एकपदरी थर असतो. एएमडीत आधी तो मरतो, मागोमाग प्रकाश टिपणाऱ्या पेशी. या थरात पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या आणि सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला लागतात. सुट्या सोडलेल्या पेशी त्याखालच्या, म्हातारपणी खराब झालेल्या ब्रुक पटलावर धड धरत नाहीत. पडद्याला पडलेल्या छिद्रातून वर काचद्रवात (डोळ्याच्या पोकळीतल्या जेलीत) निसटल्या तर पडद्यावर साय धरते आणि पडदा ओढला जातो.

म्हणून लंडनच्या मूरफील्ड्स नेत्र रुग्णालयात (निकाल 2018) भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या आरपीई पेशींचा थर प्रयोगशाळेतच 6 बाय 3 मिमीच्या पॉलिएस्टर पटलावर वाढवला. आधी व्हिट्रेक्टॉमी, म्हणजे काचद्रव काढण्याचं ऑपरेशन. मग पडद्याखाली सलाइन सोडून तो उचलायचा, छेद घेऊन पॅच आत सरकवायचा, पडदा परत बसवायचा, वर सिलिकॉन तेल. ते काढायला पुन्हा ऑपरेशन. दोनच रुग्ण: वर्षभरात तक्त्यावरची अक्षरं एकाची 10 वरून 39, दुसऱ्याची 8 वरून 29. हे आकडे सगळे सांगतात. पडदा सुटण्याचा एक प्रसंग आला, स्टेरॉइडच्या गोळ्यांनी मधुमेह बिघडण्याचाही एक, ते कुणी सांगत नाही. शिवाय दोघांना वेट एएमडी (पडद्याखाली रक्तवाहिन्या गळतात तो प्रकार) होता, नजर नुकतीच गेलेली. तुमच्या आईंचा ड्राय आणि जुना आहे; वरच्या प्रकाश टिपणाऱ्या पेशीच संपल्या असतील तर खालचा थर बदलून काय दिसणार?

जपानच्या कोबेत 2014 साली रुग्णाच्याच त्वचेपासून बनवलेला 1.3 बाय 3 मिमीचा आरपीईचा थर लावला. वर्षाने नजर सुधारली नव्हती, बिघडलीही नव्हती. पहिल्या ऑपरेशनला हे उत्तमच.

आता फ्लॉरिडा. एका क्लिनिकने तीन बायकांच्या पोटाच्या चरबीतून काढलेल्या पेशी एकाच दिवशी दोन्ही डोळ्यांत टोचल्या, फी 5,000 डॉलर. रक्तस्राव झाला, पडदे सुटले, तिघींची नजर गेली. 2017 साली हे छापून आलं, तरी "जागा शोधतात" चालूच!

तुम्हाला कुणी असं सुचवलं तर सीटीआरआय (भारतातल्या वैद्यकीय चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक मागा. पैसे मागितले किंवा दोन्ही डोळे एकदम म्हटलं, की उठा.

एक मान्य करायला हवं: ओपरेजेन नावाच्या प्रायोगिक उपचारात सुट्याच आरपीई पेशी देतात आणि कमी बिघडलेल्या काही ड्राय रुग्णांची अक्षरं वाढली आहेत. पण त्या पडद्याखाली देतात, काचद्रवात नाही, आणि तेही अजून चाचणीतच आहे.